गंज दिसतो बाहेर, लागतो आतून

जुन्या गाडीच्या दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली मुगाच्या दाण्याएवढा फोड दिसला की बहुतेक जण पॉलिश पेपरने तो घासतात, वर पुट्टी भरतात, रंग मारतात. पुढच्या श्रावणात तोच फोड वाटाण्याएवढा होऊन परत येतो. कारण फोड म्हणजे गंजाची सुरुवात नव्हे, तो बाहेर पोहोचल्याची खूण आहे. पत्रा आतल्या बाजूने खात खात तो इथवर आलेला असतो, आणि आतल्या बाजूला हात कुणीच लावलेला नसतो.

बडोद्यात घरी दुरुस्त होणाऱ्या जुन्या गाड्या म्हणजे मुख्यतः प्रीमियर पद्मिनी, तिची थोरली बहीण फियाट ११०० आणि अ‍ॅम्बेसेडर. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा भरला होता. तिथल्या संस्थानी गाड्यांचं सोडा, त्यांच्या दिमतीला माणसं असतात. दांडिया बाजारातल्या वाड्याच्या बोळात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या पद्मिनीचा प्रश्न वेगळा आहे. या गाड्यांना वेगळी चेसिस, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नाही. तळाचा पत्रा, दाराखालची पोकळ पेटी म्हणजे सिल, आणि खांब मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. म्हणून सिल सडली की गाडी नुसती कुरूप होत नाही, मधून वाकायला लागते. दार उघडल्यावर किंचित खाली बसत असेल आणि बंद करताना उचलावं लागत असेल, तर बिजागरीच्या आधी सिल तपासावी.

गंज म्हणजे छोटीशी बॅटरी आहे. पत्र्यावर पाण्याचा थेंब पडला की थेंबाच्या कडेला हवेतला प्राणवायू सहज पोहोचतो, मध्यभागी कमी पोहोचतो. या फरकामुळे मधला भाग ऋण टोक बनतो, तिथलं लोखंड विरघळतं आणि कडेकडे येऊन तांबूस गंजाच्या रूपात बसतं. म्हणजे खड्डा एका जागी पडतो आणि गंज दुसऱ्या जागी दिसतो. हाच हिशोब मोठ्या प्रमाणावर लावा: दोन पत्र्यांचा स्पॉट वेल्ड केलेला जोड, रबरी मॅटखालची ओल, मडगार्डच्या आतला चिखलाचा थर. जिथे ओल आहे पण हवा कमी आहे, तिथेच पत्रा आधी जातो. शिवाय तयार झालेला गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा व्यापतो. म्हणून जोडाच्या आत गंज धरला की तो दोन पत्रे पाचर ठोकल्यासारखे एकमेकांपासून फाकवतो, फट रुंदावते, आणखी पाणी आत जातं.

यात मीठ मिसळलं की वेग वाढतो. मुंबईत आयुष्य काढलेली टॅक्सी स्वस्तात मिळाली म्हणून आणली, तर तिच्या खड्ड्यांमध्ये क्षार दडलेले असतात. घासून चकचकीत केलेला पत्रा रात्रीतून ठिपक्या-ठिपक्यांनी लाल झाला, तर तो क्षारांचा पुरावा समजावा. अशा वेळी गरम पाण्याने ब्रशने धुवा, सुकवा, एक रात्र थांबा, ठिपके आले तर पुन्हा घासून धुवा. दोन-तीन वेळा करावं लागतं. घाई करून वर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, मारला तर ते क्षार रंगाखाली ओल ओढून घेत राहतात.

आता तपासणी. फ्रिजवरचं साधं चुंबक पातळ कापडात गुंडाळून गाडीच्या खालच्या भागावरून फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे पुट्टीचा जाड थर आहे. एखाद्या जुन्या पेंटरने सडका पत्रा झाकलेला असतो. मग हलक्या हातोडीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भद्द वाजतो. भद्द आवाज आला तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर लावून टेकवा. आरपार गेलं तर वाईट वाटून घेऊ नका, ते भोक आधीपासूनच होतं. बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: ड्रायव्हरच्या पायाखालचा तळ, जॅक लावायची जागा, डिकीत स्टेपनीखालचा खड्डा, दारांच्या खालच्या घड्या, पुढच्या काचेचे खालचे कोपरे, पुढच्या मडगार्डचा मागचा खालचा भाग, आणि बॅटरीखालची थाळी. बॅटरीच्या थाळीचा गंज वेगळा, तो आम्लाने झालेला असतो. तिथे आधी खायच्या सोड्याचं पाणी ओतून फेस थांबेपर्यंत धुवायचं.

पत्रा कापायच्या आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं. हे काम बहुतेक जण टाळतात. गाडीत कोरडी वर्तमानपत्रं पसरा, एक माणूस टॉर्च घेऊन आत बसवा, दुसऱ्याने पाइपने हलकी धार सोडायची. सुरुवात खालून करायची आणि हळूहळू वर जायचं, प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि नेमकी फट कळत नाही. बहुतेकदा गुन्हेगार काचेचं कडक झालेलं रबर असतं, नाहीतर दाराच्या तळाची निचऱ्याची भोकं जुन्या रंगाने बुजलेली असतात. काचेच्या फटीतून दारात पाणी जाणारच, तसंच ते बनवलेलं आहे. ते खालून बाहेर पडलं पाहिजे, एवढंच.

सुटे होणारे भाग, म्हणजे बिजागऱ्या, ब्रॅकेट, बॉनेटचं लॅच, यांच्यासाठी घासत बसू नका. सायट्रिक ॲसिड, जे बडोद्यात वाण्याकडे लिंबूना फूल म्हणून मागितलं की लगेच मिळतं आणि ढोकळ्यातही पडतं, ते २० लिटर पाण्यात १ किलो घ्या. भाग आधी साबणाने धुऊन तेलकटपणा काढा, मग प्लॅस्टिकच्या टबमध्ये बुडवून ठेवा. हलका गंज काही तासांत सुटतो, जाड असेल तर रात्रभर लागते. मधून मधून काढून ब्रश मारायचा. विसरून तीन दिवस ठेवलं तर आम्ल चांगल्या लोखंडालाही खाऊ लागतं. बाहेर काढल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, लिटरला १ मोठा चमचा या हिशोबाने, बुचकळा. मग गरम पाण्याने धुऊन हेअर ड्रायरने सुकवा आणि त्याच तासात प्रायमर मारा. स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्ट या टबात घालू नका, आम्लातून सुटणारा हायड्रोजन त्यांना ठिसूळ करतो. जस्ताचा मुलामा असलेल्या भागांचा मुलामाच उतरतो.

बॅटरी चार्जर आणि धुण्याच्या सोड्याचं पाणी वापरून विजेनेही गंज काढता येतो. त्यात धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीच लावू नये, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. साध्या लोखंडाचा तुकडा लावा, आणि हायड्रोजन निघतो म्हणून काम उघड्यावर करा.

रस्ट कन्व्हर्टर नावाच्या बाटल्यांवर लोकांचा फार भरवसा आहे. त्यांत फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असतं, आणि ते गंजाच्या वरच्या थराचं काळपट, स्थिर संयुग करतं. खडबडीत पण शाबूत पत्र्यावरच्या सूक्ष्म खड्ड्यांसाठी हे ठीक आहे. सुटणाऱ्या पापुद्र्यांवर ते ओतणं म्हणजे ओल्या भिंतीला चुना लावणं. शिवाय उरलेलं आम्ल इपॉक्सी प्रायमरच्या हार्डनरला, म्हणजे त्याला घट्ट करणाऱ्या रसायनाला, बिघडवतं आणि प्रायमर सालीसारखा सुटतो. कन्व्हर्टर वापरलाच, तर प्रायमरच्या डब्यावर तो चालतो असं लिहिलं आहे का ते आधी वाचा.

जाडी अर्ध्याहून कमी उरली असेल तर वाचवायचा विचार सोडा आणि पत्रा कापा. डागापर्यंत नाही, डागाच्या पलीकडे चांगल्या पत्र्यात निदान २० ते २५ मिलिमीटर जाऊन. कंजूषपणे कापलेल्या कडेवर वेल्डिंग धरत नाही, भोक पडतं, ते बुजवताना आणखी मोठं होतं. कापायच्या आधी बॅटरीची तार काढा, पेट्रोलची टाकी उतरवून गाडीपासून लांब ठेवा, आतलं कापड आणि नमदा बाहेर काढा, पाण्याची बादली हाताशी ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण आत वाफ असते. टाकीला भोक असेल तर ते काम घरी नाहीच.

सिल कापताना एका वेळी एकच बाजू. दाराच्या चौकटीत २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप आडवा आणि तिरपा वेल्डचे टाके मारून बसवा, म्हणजे चौकट हलणार नाही. गाडी फक्त जॅकवर कधीही नको. स्टँड स्प्रिंगांच्या बैठकीजवळ, जिथे चाकांचं वजन नेहमी पडतं तिथे लावा. कापण्याआधी दाराभोवतीच्या फटी मोजून लिहून ठेवा आणि प्रत्येक टप्प्यावर पुन्हा मोजा. सगळं झाल्यावर दार लागत नाही हे कळलं, तर ते पुन्हा उघडून करण्याशिवाय इलाज नाही.

नवा पत्रा सीआरसीए घ्यावा, म्हणजे थंड लाटलेला. बाहेरच्या भागाला २० गेज, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर, सिल आणि जॅकच्या जागेला १८ गेज, सुमारे १.२ मिलिमीटर. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनवाल्यांकडे याचे कापलेले तुकडे मिळतात. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला, पत्रा घेऊन वेल्डिंग करायचा मोह होतो, पण जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री ताप येतो आणि जोडही छिद्राळ होतो. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापा, बसवून बघा, मग पत्रा कापा. ठिगळाचे कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपऱ्यात उष्णता साठते आणि तिथूनच तडा जातो.

वेल्डिंगला मिग मशीन, म्हणजे तार आपोआप पुढे सरकवणारं, ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची तार, आणि वायू म्हणून शक्यतो ८० टक्के आर्गॉन व २० टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. ०.९ मिलिमीटरच्या पत्र्याला करंट ४० अँपिअरच्या आसपास ठेवून टाकाऊ तुकड्यावर जमवून घ्या. जाड रॉडचं आर्क वेल्डिंग इतक्या पातळ पत्र्याला जाळून टाकतं, आणि गॅस वेल्डिंगने तो पापडासारखा वाकतो. सलग ओळ ओढायची नाही. एक टाका इकडे, दुसरा समोरच्या टोकाला, हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं, मग मधल्या जागा भरायच्या, शेवटी टाके एकमेकांना भिडेपर्यंत. ४० सेंटिमीटरच्या सांध्याला अर्धा दिवस लागला तर काम बरोबर चाललं आहे. घडीवर घडी येते तिथे वरच्या पत्र्याला ५-६ मिलिमीटरची भोकं पाडून त्यांतून वेल्ड भरा, आणि एकमेकांवर टेकणाऱ्या दोन्ही पृष्ठांवर आधी जस्तयुक्त वेल्ड-थ्रू प्रायमर मारा. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, म्हणून ओरखडा पडला तरी पत्रा वाचतो. याचाही धूर निघतो, म्हणून नेमका वेल्डच्या जागचा थर खरवडून काढा, मास्क लावा आणि उघड्यावर बसा.

आता हवामान. सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघडं लोखंड भराभर गंजतं. बडोद्यात जुलैत हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन बसते तो अंश, २७ वर असतो. पत्रा दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम हवा, नाहीतर डोळ्यांना न दिसणारी ओल प्रायमरखाली अडकते. रात्री थंड झालेल्या पत्र्यावर सकाळी सातला प्रायमर मारणं म्हणजे हमखास फोड. तेच ३० अंश आणि ४० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू १५ अंशांवर उतरतो आणि दुपारभर निवांत काम करता येतं. म्हणून कापाकापी आणि प्रायमर दिवाळी ते होळी या काळात उरकावं. पावसाळ्यात सुटे भाग, वायरिंग, गाद्या करा.

क्रमही ठरलेला आहे: उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, जोडांवर फटी बुजवणारा सीलर, मग पुट्टी. पॉलिएस्टर पुट्टीत शंखजिऱ्याची भुकटी असते आणि ती पाणी शोषते, म्हणून ती उघड्या लोखंडावर नको आणि २-३ मिलिमीटरपेक्षा जाडही नको. हार्डनर वजनाने २ टक्के. मे महिन्यात ती पाच मिनिटांत दगड होते, म्हणून थोडी थोडी कालवा. पुट्टी कोरडीच घासावी. जुना रंग मात्र ओल्या पेपरने घासा, कारण त्यात शिसं असू शकतं.

आणि आता ती आतली बाजू. वेल्डिंगच्या उष्णतेने सिलच्या आतला प्रायमर जळालेला असतो, आणि तिथे ब्रश जात नाही. चारही बाजूंना फवारणारी लांब नळी भोकातून आत घालून कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ भागांसाठीचं पातळ मेण, मारा, नळी मागे ओढत ओढत, निचऱ्याच्या भोकातून ठिबकेपर्यंत. हे काम उन्हाच्या दिवसात केलं तर मेण पातळ होऊन फटींत शिरतं. जुनं इंजिन ऑइल ओतण्याची पद्धत अजून आहे, पण त्यात ज्वलनाची आम्लं असतात आणि ते रबर फुगवतं. गंजलेल्या तळावर रबरी अंडरकोट मारणं तर सगळ्यात वाईट: वरून काळाभोर, आत ओल कोंडलेली.

विश्वामित्री नदीचं पाणी २०१९ आणि २०२४ मध्ये ज्या गल्ल्यांत शिरलं, तिथली गाडी घेत असाल तर सिलमध्ये गाळ आहे असं धरूनच चाला. गाळ ओल धरून ठेवतो, वाळला तरी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा भिजतो. सिलच्या रबरी टोप्या काढा, पुढून नळाचं पाणी सोडा आणि मागून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. बोअरचं पाणी खारं असेल तर ते नको. मग दोन-तीन दिवस उन्हात टोप्या काढूनच ठेवा, ब्लोअरने हवा मारा आणि त्यानंतरच वॅक्स. वॅक्स थिजल्यावर सायकलच्या आऱ्याची तार घेऊन निचऱ्याचं प्रत्येक भोक मोकळं करा, कारण ती भोकं बहुतेक वेळा या वॅक्सनेच बुजलेली असतात.