पायथॉनमधली फाइल आणि मराठी अक्षरं: थोडी पार्श्वभूमी

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत फाइल उघडायची तर 'ओपन' या आज्ञेला तिचं नाव द्यायचं आणि पुढे एक अक्षर: वाचायला 'आर', नव्यानं लिहायला 'डब्ल्यू', शेवटी भर घालायला 'ए'. ही अक्षरं पायथॉननं सी भाषेकडून घेतली. सी वाढली ती १९७०च्या दशकात, बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेत, युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सोबतीनं. युनिक्सच्या लेखी फाइल म्हणजे बाइटांची (० ते २५५मधल्या आकड्यांची) सलग रांग, एवढंच. त्यांचा अर्थ ज्या त्या प्रोग्रामनं लावायचा. ('डब्ल्यू'नं उघडताच जुना मजकूर पुसला जातो, तेही तिकडचंच. असलेली फाइल शाबूत ठेवणारा 'एक्स' पायथॉनमध्ये २०१२ साली, ३.३ आवृत्तीत आला.)

गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली पायथॉन सर्वांसाठी खुली केली, तेव्हा तिची फाइल म्हणजे सीच्या फाइलवरचं पातळ वेष्टन होतं. एक अक्षर म्हणजे एक बाइट, हा हिशेब इंग्रजीला पुरला. देवनागरीला तो पुरणारच नव्हता. १९९२मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी मांडलेल्या यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'मराठी' शब्दात काना-वेलांटी धरून चिन्हं पाच, पण यूटीएफ-८मधल्या या शब्दाची लांबी पायथॉन २ सांगायचं पंधरा.

२००६मध्ये पायथॉनमध्ये 'विथ' ही रचना आली आणि काम संपताच फाइल आपोआप बंद होऊ लागली. खरा बदल डिसेंबर २००८चा. पायथॉन ३मध्ये मजकूर आणि बाइट हे वेगळे प्रकार झाले, फाइल हाताळणी नव्यानं लिहिली गेली. एक गोष्ट मात्र राहून गेली. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत, सांगितलं नाही, तर ते संगणकाच्या सेटिंगवरून ठरायचं: लिनक्सवर बहुधा यूटीएफ-८, इंग्रजी विंडोजवर सीपी-१२५२, म्हणजे एका बाइटाला एक अक्षर देणारा, रोमन लिपीसाठीचा तक्ता.

याचा फटका आपल्याला कसा बसतो, ते नीट पाहण्यासारखं आहे. यूटीएफ-८मध्ये लिहिलेलं 'मराठी' सीपी-१२५२ समजून वाचलं, तर पायथॉन चूक दाखवतच नाही. हाती येतात रोमन चिन्हं, आणि शेवटच्या दीर्घ वेलांटीच्या जागी येन व युरोच्या खुणा. 'महाराष्ट्र' वाचताना मात्र प्रोग्राम थांबतो. कारण 'ष्ट'मधल्या पाय मोडण्याच्या चिन्हाचा तिसरा बाइट १४१ आहे आणि सीपी-१२५२च्या तक्त्यात ती जागा रिकामी आहे. मला यातली पहिली अवस्था जास्त घातक वाटते. थांबलेला प्रोग्राम निदान सांगतो तरी. बिघडलेला मजकूर गुपचूप पुढच्या फाइलमध्ये जाऊन बसतो.

एन्कोडिंग वगळल्यास इशारा मागून घेण्याची सोय ३.१०मध्ये झाली. ३.१५पासून सगळीकडे यूटीएफ-८च गृहीत धरायचं, असंही ठरलं आहे. जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षं वापरात राहतात, म्हणून मराठी मजकुराची फाइल उघडताना 'ओपन'मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे, हे दर वेळी स्पष्ट लिहावं.