लिनक्स अपग्रेडनंतर बॅटरी, सस्पेंड आणि चार्जिंग : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

लिनक्सची नवी आवृत्ती बसवल्यावर लॅपटॉप व्यवस्थित सुरू होतो, नेहमीची कामेही होतात, आणि तरीही काही दिवसांत वीजवापराबद्दलची एखादी तक्रार डोके वर काढते. पूर्वी दिवसभर पुरणारी बॅटरी अर्ध्या दिवसात उतरते, झाकण मिटून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप तापलेला निघतो, सस्पेंडमधून (म्हणजे तात्पुरत्या झोपेतून) जागा केल्यावर स्क्रीन काळीच राहते, किंवा चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची केलेली सोय नाहीशी झालेली असते. अशा वेळी पहिला संशय बहुधा बॅटरीवर जातो. बॅटरी मात्र महिनोन्महिने हळूहळू झिजत असते. एका रात्रीत ती निम्म्यावर येणे विरळा. त्यामुळे फरक नेमका अपग्रेडपासून जाणवत असेल, तर नवी बॅटरी घेण्याआधी यंत्रणेत काय बदलले ते शोधावे, असा आमचा आग्रह आहे. हे पत्रक त्या शोधासाठी आहे.

कमांड, फाईल आणि सेवा यांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये (कमांड टंकण्याच्या खिडकीत) ती रोमन अक्षरांत टंकावी लागतात.

पहिला दिवस

अपग्रेड पूर्ण झाल्याचा संदेश आल्यानंतरही पडद्यामागे बरेच काम चालू असते. फाईलींची शोधसूची नव्याने तयार होते, ब्राउझर आणि इतर प्रोग्राम आपापले साठे पुन्हा भरतात, उरलेली पॅकेजेस उतरवली जातात. या काळात पंखा फिरत राहणे आणि बॅटरी वेगाने उतरणे स्वाभाविक आहे. लॅपटॉप चार्जरला लावून काही तास चालू ठेवावा, एकदा रीस्टार्ट करावा आणि मगच तपासणी सुरू करावी. पहिल्या तासातील आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष हमखास चुकतो.

आधी मोजमाप

बॅटरी लवकर संपते ही भावना झाली. दुरुस्तीसाठी आकडा लागतो. यूपॉवर ही कमांड डॅश-डी या पर्यायासह चालवली असता बॅटरीची सविस्तर माहिती मिळते. तिच्यातील तीन ओळी महत्त्वाच्या आहेत. एनर्जी-रेट म्हणजे या क्षणी किती वॅट वीज खर्च होत आहे, एनर्जी-फुल म्हणजे बॅटरी आज पूर्ण भरल्यावर किती वॅट-तास वीज साठवते, आणि एनर्जी-फुल-डिझाइन म्हणजे ती नवी असताना किती साठवणे अपेक्षित होते. शेवटच्या दोन आकड्यांतील अंतर ही बॅटरीची झीज होय, आणि तिचा अपग्रेडशी काहीही संबंध नसतो.

वॅटचा आकडा घेताना चार्जर काढावा, स्क्रीनचा प्रकाश निम्म्यावर आणावा, सर्व प्रोग्राम बंद करावेत आणि पाचेक मिनिटे लॅपटॉपला हात न लावता मग कमांड चालवावी. बॅटरी ५० वॅट-तासांची असेल आणि रिकाम्या बसलेल्या लॅपटॉपचा खर्च ५ वॅट असेल, तर ती सुमारे १० तास टिकेल; तोच खर्च १२.५ वॅट झाला तर ४ तासांत संपेल. बॅटरी तीच असूनही एवढा फरक पडतो. रिकाम्या बसलेल्या साध्या, हलक्या लॅपटॉपचा खर्च सतत दहा वॅटच्या वर राहत असेल, तर कोणता तरी भाग झोपायला हवा असताना जागा आहे असे समजावे. वेगळे, शक्तिशाली ग्राफिक्स कार्ड असलेल्या यंत्रांना हा निकष जसाच्या तसा लावता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

यानंतरची चाचणी आम्ही सर्वांत निर्णायक मानतो. अपग्रेडनंतर जुना कर्नल (लिनक्सचा हार्डवेअर सांभाळणारा गाभा) सहसा लगेच काढला जात नाही. लिनक्सच्या तयार संचांपैकी, म्हणजे डिस्ट्रोंपैकी, फेडोरा नेहमीच्या मांडणीत शेवटचे तीन कर्नल ठेवते, आणि उबुंटूतही मागचा एक कर्नल सहसा शिल्लक असतो. लॅपटॉप सुरू होताना ग्रबच्या (यंत्रणा सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूतून तो जुना कर्नल निवडावा आणि वरचेच मोजमाप त्याच पद्धतीने पुन्हा करावे. आकडा पूर्ववत झाला तर दोष नव्या कर्नलमध्ये किंवा त्याच्याबरोबर बदललेल्या ड्रायव्हरमध्ये (एखादा भाग चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) आहे. आकडा तसाच राहिला तर कर्नलला सोडून सेवा आणि सेटिंग्जकडे वळावे. दहा-पंधरा मिनिटांच्या या चाचणीने शोधाचे क्षेत्र निम्म्याने कमी होते. दोष कर्नलमध्ये ठरल्यास पुढची दुरुस्ती येईपर्यंत जुना कर्नल वापरण्यास हरकत नाही, परंतु त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नसल्याने तो कायमचा ठेवू नये.

एका कामाला दोन कारभारी

प्रोसेसरने वेगाला प्राधान्य द्यावे की बचतीला, हे ठरवणारी एक सेवा पार्श्वभूमीत चालू असते. नोम आणि केडीई या डेस्कटॉपांत दिसणारे बचत, संतुलित आणि वेगवान हे पर्याय बराच काळ पॉवर-प्रोफाइल्स-डीमन या सेवेमार्फत लागू होत आले. अनेक ग्राहक मात्र टीएलपी किंवा ऑटो-सीपीयूफ्रेक यांसारखे प्रोग्राम स्वतः बसवतात. अपग्रेडमध्ये डिस्ट्रोची मूळ सेवा पुन्हा चालू होते किंवा तिच्या जागी नवीच येते, आणि मग दोन सेवा एकाच सेटिंगवर आलटून पालटून आपले मूल्य लिहीत राहतात. २०२४ मधील फेडोरा ४१ मध्ये पॉवर-प्रोफाइल्स-डीमनच्या जागी ट्यून्ड ही सेवा मूळ निवड म्हणून आली. डेस्कटॉपवरील बटणे तीच राहिल्यामुळे हा बदल वापरणाऱ्याच्या नजरेस सहज येत नाही.

सिस्टिमसीटीएल स्टेटस ही कमांड या प्रत्येक सेवेच्या नावासह चालवून कोणती सेवा चालू आहे ते पाहावे. एकापेक्षा जास्त चालू असतील तर एक ठेवावी आणि बाकीच्या बंद कराव्यात. पुढच्या अपग्रेडमध्ये त्या आपोआप उठू नयेत यासाठी मास्क हा पर्याय वापरावा. कोणती ठेवावी, असे आम्हांला विचाराल तर डिस्ट्रोने दिलेली मूळ सेवा ठेवावी, कारण डेस्कटॉपची बटणे तिच्याशी जुळवलेली असतात आणि तिची चाचणी त्याच आवृत्तीवर झालेली असते. टीएलपी हे उत्तम साधन आहे आणि बारीकसारीक सेटिंग्जची आवड असलेल्यांनी ते जरूर वापरावे, पण मग कारभार पूर्णपणे त्याच्याकडे सोपवावा.

या तपासणीत एक गैरसमज वारंवार आढळतो. इंटेल प्रोसेसरवर त्याचा वेग सांभाळणारा पी-स्टेट ड्रायव्हर सक्रिय असताना पॉवरसेव्ह आणि परफॉर्मन्स असे दोनच गव्हर्नर (वेग ठरवण्याची धोरणे) दिसतात. पॉवरसेव्ह या नावामुळे प्रोसेसर सर्वांत कमी वेगावर अडकला आहे असे वाटून अनेक जण ते बदलतात. वास्तविक त्या स्थितीतही प्रोसेसर कामाच्या भारानुसार वेग वाढवत असतो. एएमडीच्या बाजूलाही कर्नल ५.१७ पासून पी-स्टेट ड्रायव्हर उपलब्ध झाला आणि पुढच्या कर्नलांत अनेक यंत्रांवर तोच मूळ निवड ठरला, त्यामुळे जुन्या ड्रायव्हरसाठी लिहिलेली सेटिंग्ज नव्या कर्नलवर निष्प्रभ ठरू शकतात.

सेटिंगच्या फाईलींचेही असेच आहे. अपग्रेड चालू असताना जुनी फाईल ठेवायची की नवी घ्यायची, असा प्रश्न विचारला जातो आणि घाईत काहीतरी उत्तर दिले जाते. डेबियन आणि उबुंटूत अशा वेळी डीपीकेजी-ओल्ड किंवा डीपीकेजी-डिस्ट, तर फेडोरात आरपीएम-न्यू किंवा आरपीएम-सेव्ह असा शेवट असलेली प्रत मूळ फाईलीशेजारी राहते. इटीसी फोल्डरमध्ये अशा प्रती शोधून मूळ फाईलीशी ताडून पाहाव्यात. चार्जिंगची मर्यादा नाहीशी होण्यामागे अनेकदा एवढेच कारण असते.

सस्पेंड

तापलेल्या लॅपटॉपची तक्रार आम्ही सर्वांत गंभीर मानतो. बंद बॅगेत जागा राहिलेला लॅपटॉप बॅटरी तर संपवतोच, शिवाय कोंडलेल्या उष्णतेने बॅटरीचे आयुष्यही घटवतो. दोष सापडेपर्यंत लॅपटॉप बॅगेत ठेवण्यापूर्वी पूर्ण शटडाउन करावा, ही विनंती आहे.

सस्पेंडचे दोन प्रकार आहेत. जुन्या पद्धतीत, जिला एस-थ्री किंवा डीप म्हणतात, मेमरी वगळता जवळपास सर्व भागांचा वीजपुरवठा तोडला जातो. नव्या पद्धतीत, म्हणजे एस-टू-आयडलमध्ये, यंत्रणा जागीच थांबते आणि प्रत्येक भागाने स्वतःहून गाढ झोपेत जावे अशी अपेक्षा असते. एकाही ड्रायव्हरने कुचराई केली तर संपूर्ण प्रोसेसर अर्धवट जागा राहतो, आणि अपग्रेडमध्ये ड्रायव्हरच बदललेले असतात. सिस या फोल्डरातील पॉवर उपफोल्डरमध्ये मेम-स्लीप नावाची फाईल आहे. तिच्यात ज्या शब्दाभोवती चौकोनी कंस असेल ती पद्धत सध्या लागू आहे. डीप हा शब्द तेथे असून निवडलेला नसेल, तर मेम-स्लीप-डिफॉल्ट हे कर्नलचे सेटिंग देऊन तो निवडता येतो. डीप हा शब्दच नसेल तर लॅपटॉपच्या फर्मवेअरने (यंत्रातच बसवलेल्या मूळ प्रोग्रामने, ज्याला बायोसही म्हणतात) ती सोय दिलेली नाही. काही लॅपटॉपांच्या, विशेषतः थिंकपॅडच्या काही मॉडेलांच्या बायोसमध्ये सस्पेंडचा प्रकार निवडण्याचा पर्याय असतो, तो आधी पाहावा. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांत मात्र एस-टू-आयडल हीच एकमेव पद्धत असते, आणि तेथे डीप लादण्याचा खटाटोप करू नये.

एस-टू-आयडलवर खरोखर गाढ झोप लागली का, हे कर्नल ६.४ पासून तपासता येते. त्याच पॉवर उपफोल्डरातील सस्पेंड-स्टॅट्समध्ये लास्ट-एचडब्ल्यू-स्लीप ही फाईल असते आणि मागच्या सस्पेंडमध्ये हार्डवेअर किती मायक्रोसेकंद गाढ झोपेत होते ते ती सांगते. लॅपटॉप तासभर सस्पेंड करून ठेवला आणि फाईलीत शून्य आढळले, तर तो तासभर केवळ स्क्रीन बंद करून जागा होता. हा आकडा झोपेच्या एकूण वेळेच्या जवळ आला पाहिजे.

झाकण मिटल्यावर काय करायचे हे सिस्टिमडीचा (पार्श्वभूमीतील सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) लॉगिनडी हा भाग ठरवतो. बाहेरचा मॉनिटर किंवा डॉक जोडलेला असल्यास झाकण मिटूनही सस्पेंड न करणे हे त्याचे मूळ वर्तन आहे, तो बिघाड नव्हे. त्यात बदल करायचा असेल तर मुख्य फाईलीला हात न लावता लॉगिनडी-डॉट-कॉन्फ-डॉट-डी या फोल्डरमध्ये स्वतःची छोटी फाईल ठेवावी, म्हणजे पुढचा अपग्रेड तिला धक्का लावणार नाही.

सस्पेंड होऊन लगेच जाग येत असेल, तर प्रॉक फोल्डरातील एसीपीआय उपफोल्डरमध्ये वेकअप ही फाईल पाहावी. यंत्राला जागे करण्याची परवानगी कोणकोणत्या उपकरणांना आहे, ते तिच्यात दिसते. यूएसबी माउसचा रिसीव्हर काढून एकदा पाहणे हा त्याहून सोपा उपाय आहे. २०२४ मध्ये आलेल्या सिस्टिमडी २५६ पासून सस्पेंडपूर्वी वापरकर्त्याचे सर्व प्रोग्राम गोठवले जातात. एनव्हिडियाच्या काही ड्रायव्हरांशी हे न जुळल्याने सस्पेंड अडकण्याचे किंवा स्क्रीन काळी राहण्याचे प्रकार घडले. एनव्हिडियाचे कार्ड असल्यास ड्रायव्हरसोबत येणाऱ्या एनव्हिडिया-सस्पेंड आणि एनव्हिडिया-रिझ्यूम या सेवा चालू आहेत का, हे अपग्रेडनंतर आवर्जून पाहावे.

हायबरनेटबद्दल (मेमरीतील सर्व काही डिस्कवर ठेवून यंत्र पूर्ण बंद करण्याबद्दल) एवढेच, की सेक्युअर बूट (सुरू होताना प्रोग्रामची सही तपासणारी सोय) चालू असताना बहुतेक डिस्ट्रोंचे कर्नल हायबरनेट होऊ देत नाहीत, आणि स्वॅप (मेमरीसाठी डिस्कवर राखलेली जागा) नव्याने बनवला असल्यास त्याचा नवा ओळखक्रमांक रिझ्यूम या कर्नल सेटिंगमध्ये भरावा लागतो.

ग्राफिक्स आणि व्हिडिओ

दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपमध्ये शक्तिशाली चिप काम नसताना पूर्ण बंद व्हायला हवी. नव्या कर्नलसाठी ड्रायव्हरचे मॉड्यूल तयार झाले नसेल, तर ती विनाकारण चालू राहते. ती झोपली आहे का हे पाहण्यासाठी एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड वापरू नये, कारण ती कमांडच चिपला जागे करते; त्याऐवजी सिस फोल्डरात त्या चिपच्या (पीसीआय उपकरणाच्या) पॉवर उपफोल्डरमधील रनटाइम-स्टेटस फाईल वाचावी. तेथे सस्पेंडेड असे लिहिलेले असल्यास चिप झोपलेली आहे.

बॅटरी फक्त व्हिडिओ पाहतानाच वेगाने उतरत असेल, तर व्हिडिओ उलगडण्याचे काम ग्राफिक्स चिपऐवजी प्रोसेसर करत असण्याची शक्यता मोठी आहे. २०२२ मधील फेडोरा ३७ पासून मेसा या ग्राफिक्स पॅकेजमधील एच-२६४ आणि एच-२६५ या व्हिडिओ स्वरूपांसाठीचा हार्डवेअर आधार पेटंटच्या कारणाने वगळण्यात आला, त्याचा फटका मुख्यतः एएमडी ग्राफिक्सच्या यंत्रांना बसतो. आरपीएम फ्यूजन या भांडारातील पर्यायी पॅकेज बसवल्यास तो आधार परत मिळतो.

प्रयोग करताना

पॉवरटॉप हे साधन कोणता भाग किती वेळा जागा होतो ते दाखवते. त्याचा ऑटो-ट्यून हा पर्याय बचतीची सर्व सेटिंग्ज एकदम लागू करतो, आणि रीस्टार्ट केल्यावर ती सर्व आपोआप पुसली जातात, म्हणून तपासणीसाठी तो चांगला आहे. तो कायमचा लावल्यास मात्र यूएसबी माउस आणि कीबोर्ड काही सेकंदांनी झोपी जाऊन अडखळू लागतात. एका वेळी एकच बदल करावा, मोजमाप घ्यावे, आकडा लिहून ठेवावा आणि उपयोग न झाल्यास तो बदल मागे घ्यावा. ठिकठिकाणी वाचलेले सल्ले एकाच संध्याकाळी लागू केलेले लॅपटॉप दुरुस्त करायला आम्हांला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण मूळ दोष कोणता आणि नंतर भर पडलेला कोणता, हे वेगळे करणे अवघड होते.

लॅपटॉपच्या उत्पादकाने लिनक्ससाठी फर्मवेअर दिले असेल तर एफडब्ल्यूअपडी या साधनाद्वारे बायोस अद्ययावत करावे. त्या वेळी चार्जर लावलेला असावा आणि काम पूर्ण होईपर्यंत लॅपटॉप बंद करू नये.

टचपॅड वर उचललेला दिसत असेल, खालचे आवरण फुगले असेल किंवा लॅपटॉप सपाट पृष्ठभागावर डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. अशा वेळी वरीलपैकी कोणतीही चाचणी करू नये. लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, बॅटरीवर दाब देऊ नये किंवा तिला टोचू नये, आणि त्याच दिवशी तो आमच्याकडे किंवा जाणकार तंत्रज्ञाकडे द्यावा.

आमच्याशी संपर्क साधताना डिस्ट्रोची जुनी व नवी आवृत्ती, यूनेम डॅश-आर या कमांडने दिसणारा कर्नल क्रमांक, जुन्या आणि नव्या कर्नलवर घेतलेले यूपॉवरचे आकडे, आणि सस्पेंडची तक्रार असल्यास जर्नलसीटीएलमधील (यंत्रणेच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमधील) आधीच्या बूटची, म्हणजे मागच्या वेळी यंत्र सुरू केल्यापासूनची, नोंद सोबत द्यावी. या नोंदीत वापरकर्त्याचे नाव, वाय-फायचे नाव यांसारखे खाजगी तपशील असू शकतात. ते पाठवण्यापूर्वी पुसावेत. अपग्रेडनंतर आपण स्वतः काही सेटिंग्ज बदलली असतील तर तीही निःसंकोच कळवावीत, कारण तपासणीची सुरुवात आम्ही तेथूनच करतो.