पुरुषांच्या फुटबॉलमधला होमोफोबिया, म्हणजे गे लोकांबद्दलचा तिरस्कार (इंग्लंड)

इंग्लंडमधे पुरुषांचं प्रोफेशनल फुटबॉल आजवर हजारो जण खेळले, पण खेळत असतानाच मी गे आहे असं उघड सांगणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. म्हणजे गे खेळाडू नव्हतेच असं अजिबात नाही, ते गप्प राहिले, आणि का राहिले ते स्ट्रायकर जस्टिन फॅशानूचं काय झालं ते बघितलं की कळतं.

1980 मधे नॉर्विचकडून लिव्हरपूलविरुद्ध त्याने बॉल पायाने हवेत उचलला, गर्रकन वळला आणि लांबूनच व्हॉली मारली, म्हणजे बॉल जमिनीवर पडायच्या आतच किक मारली, बीबीसीने तो सीझनचा बेस्ट गोल ठरवला. 1981 मधे नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्याच्यासाठी दहा लाख पौंड मोजले, एवढी किंमत मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश खेळाडू. पण तो गे क्लबमधे जातो हे मॅनेजर ब्रायन क्लफच्या कानावर गेलं आणि त्याने फॅशानूला फैलावर घेतलं, पुढे ट्रेनिंगलासुद्धा येऊ देईना, हे क्लफने स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय. ऑक्टोबर 1990 मधे 'द सन' या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर फॅशानूने आपण गे आहोत हे जगाला सांगून टाकलं. सख्ख्या भावाने, जॉनने, जाहीरपणे त्याला दूर लोटलं. मे 1998 मधे, 37 व्या वर्षी त्याने आत्महत्या केली, त्याआधी अमेरिकेत त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला होता, चिठ्ठीत त्याने तो नाकारला होता.

आणि शिव्या खायला गे असावंच लागतं असंही नाही. चेल्सीचा ग्रॅम ल सो 'गार्डियन' हे डावीकडे झुकणारं वर्तमानपत्र वाचायचा, एका टीममेटबरोबर सुट्टीला गेला, एवढ्यावरून ड्रेसिंग रूममधे सुरू झालेली चिडवाचिडवी पुढे स्टँडपर्यंत पोचली आणि वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागली, बायकोमुलं असूनही. 1999 मधे तो फ्री किक घ्यायला उभा असताना लिव्हरपूलचा रॉबी फाउलर पाठमोरा वाकून त्याला चिडवत राहिला, आणि यलो कार्ड मिळालं ल सोला, वेळ काढतोय म्हणून! फाउलरने नंतर माफी मागितली, पण त्या क्षणी रेफ्रीला दिसलं ते फक्त घड्याळ.

इंग्लंडमधे खेळलेल्या जर्मनीच्या थॉमस हिट्झल्सपर्गरने आपण गे आहोत हे 2014 मधे सांगितलं, तेही रिटायर झाल्यावर. चेल्सीच्या लोकांना चिडवायला दिली जाणारी 'रेंट बॉय' (पुरुषांना शरीर विकणारा पोरगा) ही घोषणा गुन्हा धरली जाईल असं सरकारी वकिलांनी जानेवारी 2022 मधे स्पष्ट केलं.

त्याच वर्षी मे महिन्यात ब्लॅकपूल क्लबचा 17 वर्षांचा खेळाडू जेक डॅनियल्स आपण गे असल्याचं उघडपणे बोलला, फॅशानूनंतर तब्बल 32 वर्षांनी. आधी त्याने घरी आईला आणि बहिणीला सांगितलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी अ‍ॅक्रिंग्टनविरुद्ध चार गोल मारले.