वेब फ्रेमवर्कची निवड

वेब फ्रेमवर्कची निवड : बँक, बंदर, हॉटेलसमूह किंवा सरकारी खाते यांसारख्या मोठ्या संस्थेची ब्राउझरमधून चालणारी प्रणाली कोणत्या तयार सांगाड्यावर उभारायची हे ठरविण्याची प्रक्रिया. फ्रेमवर्क आणि लायब्ररी यांत मुळातच फरक आहे. लायब्ररीला, म्हणजे ठरावीक कामांसाठीच्या तयार कोडच्या संग्रहाला, प्रोग्रॅमरचा कोड हाक मारतो, तर फ्रेमवर्क स्वतःच प्रोग्रॅमरच्या कोडला हाक मारते. विनंती कोणत्या वाटेने आत यायची, वापरकर्त्याची ओळख कोठे तपासायची, डेटाबेसची जोडणी केव्हा उघडायची आणि केव्हा मिटायची, हे फ्रेमवर्कने आधीच ठरवून ठेवलेले असते. त्यामुळे एखादी लायब्ररी बदलणे हे काही दिवसांचे काम असते, पण फ्रेमवर्क बदलणे म्हणजे बहुधा सारी प्रणाली नव्याने लिहिणेच होय.

बहुतेक फ्रेमवर्कमागील विचार जुना आहे. माहिती, तिचे दर्शन आणि नियंत्रण या तीन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची रचना ट्रिग्वे रेन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात मांडली. वेबसाठी जावामध्ये स्ट्रट्स (२०००) व स्प्रिंग (पहिली पूर्ण आवृत्ती २००४), मायक्रोसॉफ्टचे एएसपी डॉट नेट (२००२), रुबी ऑन रेल्स (२००४), कॅन्सासमधील एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मलेले जँगो (२००५) आणि पीएचपीमधील लाराव्हेल (२०११) ही प्रमुख नावे होत. ब्राउझरच्या बाजूला अँग्युलरजेएस (२०१०), रिअ‍ॅक्ट (२०१३) आणि व्ह्यू (२०१४) आली.

निवडीतील सर्वांत मोठी अडचण आयुर्मानाची आहे. गोव्यात एक-चौदाच्या उताऱ्यावरील (जमिनीच्या हक्कपत्रकावरील) नोंद आजोबांकडून नातवापर्यंत चालते. जँगोच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला मात्र तीनच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. अँग्युलरची दुसरी आवृत्ती २०१६ मध्ये आली ती मुळापासून नव्याने लिहिलेली होती आणि जुन्या अँग्युलरजेएसचा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपला. जावाच्या जगात २०२० मध्ये मूळ पॅकेजांचे (तयार कोडच्या गठ्ठ्यांचे) नाव ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ झाले, स्प्रिंगच्या सहाव्या आवृत्तीने २०२२ मध्ये ते स्वीकारले, आणि हजारो फाइलींच्या माथ्यावरील ओळी बदलाव्या लागल्या. म्हणून फ्रेमवर्क आज किती लोकप्रिय आहे यापेक्षा एका मोठ्या आवृत्तीवरून दुसरीवर जाताना त्याच्या कर्त्यांनी आजवर वापरकर्त्यांना कसे सांभाळले, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते. हा इतिहास उघड असतो आणि आवृत्त्यांच्या टिपणांतून तो एका दिवसात वाचून होतो.

दुरुस्त्या वेळेवर बसविणे हेही याच प्रश्नाचे अंग आहे. स्ट्रट्समधील एका गंभीर दोषावरील दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीने ती एका प्रणालीवर बसविली नाही, मे महिन्यात घुसखोर त्याच वाटेने आत शिरले आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती बाहेर गेली. फ्रेमवर्क निवडणे म्हणजे त्याच्या दुरुस्त्यांचे वेळापत्रक पत्करणे होय. ज्या संस्थेत देखभालीचा करार दरवर्षी महिनोन्‌महिने रखडतो, तिने हे वेळापत्रक आधी पाहावे.

व्यवहारांची अखंडता हा मोठ्या प्रणालीचा कणा आहे आणि येथे फ्रेमवर्कचे स्वभाव एकमेकांपासून फार वेगळे असतात. घरपट्टी भरताना रक्कम जमा करणे, पावती फाडणे आणि थकबाकी कमी करणे ही तीन कामे एक तर सगळी व्हावीत, नाही तर एकही होऊ नये. जँगोमध्ये स्पष्टपणे सांगितले नाही तर प्रत्येक आज्ञा स्वतंत्रपणे पक्की होते. स्प्रिंगमध्ये अशी कामे एका व्यवहारात बांधता येतात, परंतु तेथेही एक खाच आहे : रनटाइम प्रकारचा अपवाद (कोड चालताना उद्भवलेली चूक) आला तर व्यवहार आपोआप मागे घेतला जातो, मात्र ‘चेक्ड’ प्रकारच्या, म्हणजे हाताळणी कोडमध्ये आधीच नमूद करावी लागते अशा, अपवादावर तो मागे न जाता पक्का होतो. हे ठाऊक नसलेल्या प्रोग्रॅमरच्या कोडमध्ये पावती छापताना चूक झाली, तर पैसे जमा आणि पावती गायब अशी स्थिती होते. म्हापशातील आणि मडगावातील दोन कारकुनांनी एकच नोंद एकाच वेळी उघडली, तर नंतर जतन करणाऱ्याने आधीच्याचे काम पुसू नये, यासाठी नोंदीवर आवृत्तीक्रमांक ठेवण्याची सोय असते. रेल्समध्ये आणि जावातील हायबरनेट या डेटाबेसशी जोडणाऱ्या साधनात ती तयार मिळते.

भार मोजतानाही आकडे प्रत्यक्षातले घ्यावेत. किनाऱ्यावरील हॉटेलांच्या आरक्षणप्रणालीवर नाताळ ते नववर्ष या आठवड्यात जो ताण येतो, त्याची सर जुलैतील सरासरीला येत नाही. पुष्कळदा मंदपणाचे कारण फ्रेमवर्कचा वेग नसून त्याची डेटाबेसशी बोलण्याची सवय हे असते. राज्यातील १९१ ग्रामपंचायतींची यादी दाखवून प्रत्येकीच्या सचिवाचे नाव शेजारी लिहायचे असेल, तर निष्काळजी कोड एक प्रश्न यादीसाठी आणि १९१ प्रश्न नावांसाठी, असे १९२ प्रश्न डेटाबेसला विचारतो; नीट लिहिला तर एक-दोन पुरतात. हा दोष विकासाच्या टप्प्यातच दाखविणारी साधने ज्या फ्रेमवर्कसोबत सहज मिळतात, ते श्रेयस्कर. याउलट ब्राउझरमध्ये मोठा कोड उतरविणारी रचना पणजीत चांगली चालली, तरी सत्तरी, सांगे, काणकोण येथे पावसाळ्यात नेटवर्क क्षीण झाल्यावर रखडते. अर्ज भरण्यासारख्या साध्या कामांसाठी सर्व्हरवरच तयार होणारी पाने आजही अधिक भरवशाची आहेत.

गोव्यात या निवडीला भाषेचे आणि लिपीचे एक अंग आहे आणि ते बहुतेक वेळा राहून जाते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामात मराठीच्या वापरालाही त्याच कायद्याने वाव दिला. कचेऱ्यांत इंग्रजीही चालते. मराठीचा आंतरराष्ट्रीय भाषासंकेत दोन अक्षरी आहे, कोकणीचा मात्र तीन अक्षरीच आहे. त्यामुळे भाषासंकेत दोनच अक्षरांचा असतो असे गृहीत धरणारा कोड मराठीवर बिनतक्रार चालतो आणि कोकणीवर अडतो. त्याहून सूक्ष्म प्रश्न अक्षरांचा आहे. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव एकाने युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतातील स्वतंत्र ‘ऱ’ वापरून टंकले, दुसऱ्याने ‘र’ला नुक्ता (खालचा टिंब) दिला आणि तिसऱ्याने साध्या ‘र’पुढे हलन्त व न दिसणारे जोडचिन्ह घातले, तर पडद्यावर तिन्ही नावे सारखी दिसतात, पण डेटाबेसच्या लेखी ती तीन निराळी माणसे असतात. पहिली दोन रूपे युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक होतात. तिसऱ्यासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो. रोमी (रोमन लिपीतील) कोकणीत श-ध्वनीसाठी एक्स हे अक्षर येते, त्यामुळे इंग्रजी उच्चारावर बेतलेला तयार नावशोधही तेथे चुकतो. अशी शुद्धी प्रत्येक फॉर्ममध्ये वेगवेगळी न लिहिता, माहिती आत येते त्या एकाच उंबरठ्यावर बसविता येईल, असे फ्रेमवर्क घ्यावे.

परवान्याकडेही दुर्लक्ष करू नये. रिअ‍ॅक्टच्या परवान्यातील पेटंटविषयक कलमावर अपाची प्रतिष्ठान या मुक्तस्रोत (मूळ कोड सर्वांना खुला असलेल्या) सॉफ्टवेअरच्या संस्थेने आक्षेप घेतल्यानंतर सप्टेंबर २०१७ मध्ये ते फ्रेमवर्क फारशा अटी नसलेल्या एमआयटी परवान्याखाली आणले गेले. भारत सरकारच्या २०१५ च्या धोरणाने ई-प्रशासनात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य दिले आहे.

शेवटी माणसांचा हिशेब येतो. प्रणाली ज्यांनी लिहिली ते पाच वर्षांनी पुण्यात किंवा बंगळूरमध्ये असण्याची शक्यता धरूनच चालावे, आणि फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलीला त्यांचा कोड वाचून दुरुस्त करता येईल का, हे विचारावे. जाणकार ठिकाणी निवड पक्की करण्यापूर्वी त्या संस्थेतील सर्वांत अवघड असा एकच व्यवहार, उदाहरणार्थ हप्त्यांनी भरलेली आणि मध्येच दुसऱ्याच्या नावे झालेली घरपट्टी, दोन किंवा तीन फ्रेमवर्कमध्ये प्रत्यक्ष लिहून पाहतात, त्यात मुद्दाम वीज तोडून नोंदी तपासतात, आणि कोणते फ्रेमवर्क का घेतले व उरलेली का नाकारली याचे टिपण कोडसोबतच जपून ठेवतात.