कासोनी परीक्षा

हायडॅटिड रोगाच्या निदानासाठी पूर्वी सर्रास केली जाणारी त्वचापरीक्षा. इटालियन वैद्य तोमासो कासोनी यांनी ती 1911-12 च्या सुमारास मांडली आणि पुढे अनेक दशके मेंढपाळीच्या प्रदेशांतील रुग्णालयांत ती नित्याची होती.

एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. कुत्र्याच्या विष्ठेतील त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली, तर यकृतात किंवा फुप्फुसात द्रवाने भरलेली पुटी (पिशवीसारखी गाठ) वाढते; हाच हायडॅटिड रोग. पुटीतला द्रव गाळून, निर्जंतुक करून सुमारे 0.2 मिलि. एका हाताच्या त्वचेत टोचत. दुसऱ्या हातात तुलनेसाठी तेवढेच सलाइन. अर्ध्या तासाच्या आत द्रवाच्या जागी कडा वेड्यावाकड्या पसरलेली मोठी गांध उठली, तर परीक्षा होकारार्थी मानत.

गांध उठते ती त्वचेतील मास्ट पेशींवर (ॲलर्जीची रसायने सोडणाऱ्या पेशींवर) बसलेल्या आयजीई या प्रकारच्या प्रतिपिंडांमुळे. शरीराची द्रवातील प्रतिजनांशी (प्रतिपिंडे ज्यांना ओळखतात त्या कृमीच्या पदार्थांशी) गाठ पडली आहे, एवढेच तिच्यावरून कळते. पुटी आज आहे का, कुठे आहे, जिवंत आहे का, हे कळत नाही. पुटी शस्त्रक्रियेने काढल्यावरही परीक्षा वर्षानुवर्षे होकारार्थी राहू शकते, त्यामुळे रोग उलटला का, हे ठरवायला ती निरुपयोगीच. उलट, पुटी अखंड असून तिच्यातून प्रतिजन बाहेर झिरपत नसेल, किंवा तिच्यात चुना साठला असेल, तर रोग असूनही गांध उठत नाही. दुसऱ्या पट्टकृमीचा संसर्ग असला तरी मात्र ती उठू शकते.

मूळ अडचण द्रवाचीच होती. तो कधी मेंढीच्या पुटीतला, कधी माणसाच्या. त्यातील प्रतिजनांचे प्रमाण दर खेपेला निराळे, शिवाय आश्रयी प्राण्याची प्रथिनेही त्यात मिसळलेली. त्यामुळे एका रुग्णालयाचे आकडे दुसऱ्याशी जुळणे कठीणच होते. क्वचित तीव्र ॲलर्जीचा धोकाही असे, आणि एवढ्या तोकड्या माहितीसाठी रुग्णाला त्यात घालणे समर्थनीय नव्हते.

शिस्टोसोमा (रक्तवाहिन्यांत राहणारा चपटा कृमी) व हत्तीरोगाचे कृमी यांच्यासाठीही अशा परीक्षा वापरल्या गेल्या. जुना व चालू संसर्ग वेगळा न ओळखता येण्याची उणीव तिथेही होती.

आता निदानाचा मुख्य आधार सोनोग्राफी आहे. पुटी सक्रिय आहे, संक्रमणावस्थेत आहे की निष्क्रिय, याचा अंदाज तिच्या चित्रावरून बांधता येतो. जोडीला प्रतिपिंडे शोधणाऱ्या एलायझा व इम्युनोब्लॉट या रक्तचाचण्या असतात. कासोनी परीक्षेत टोचलेल्या द्रवामुळे शरीरात नवी प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. म्हणून ती करायचीच असेल, तर रक्ताचा नमुना आधी घ्यावा लागतो.