पूरनकाशाचे काम ‘पूर्ण’ कधी धरायचे? अमेरिकेतील वर्कफ्लो यंत्रणेची पार्श्वभूमी

न्यू जर्सीत किंवा ह्यूस्टनजवळ कर्ज काढून घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाची पूरनकाशाशी पहिली गाठ बँकेत पडते. घर विशेष पूरधोक्याच्या क्षेत्रात येत असेल तर पूरविमा काढावाच लागतो. १९६८ च्या पूरविमा कायद्यात ही सक्ती नव्हती. १९७२ मध्ये ‘ॲग्नेस’ वादळाने पूर्व किनाऱ्यावर हाहाकार केला आणि पुढच्या वर्षी कायदा कडक झाला. तेव्हापासून नकाशावरच्या रेषेला जलशास्त्राइतकाच पैशाचाही अर्थ आला. रेषा दहा मीटर सरकली की कोणाचा तरी मासिक हप्ता बदलतो. रेषेचा आधार म्हणजे एका वर्षात एक टक्का शक्यता असलेला पूर. आपल्याकडची लाल पूररेषाही साधारण याच पुरावर आखतात, निळी पंचवीस वर्षांच्या पुरावर.

या योजनेची पहिली तीस वर्षे कागदाची होती. अभ्यास खासगी अभियांत्रिकी कंपन्या करत, फायली विभागीय कार्यालयांत फिरत आणि नकाशे छापून गावोगावी जात. कोणते काम कुठे अडले आहे हे एका ठिकाणी बसून सांगता येईल अशी सोय नव्हती. नकाशांचा दर पाच वर्षांनी आढावा घ्यावा, असे १९९४ च्या कायद्यात आले. तरीही २००४ च्या सुमारास देशभरातल्या सुमारे ९२ हजार नकाशा-पत्रकांपैकी जवळपास ७० टक्के दहा वर्षांहून जुनी होती. दरम्यान वस्त्या वाढल्या होत्या, शेतांचे डांबरी वाहनतळ झाले होते, नाल्यांवर पूल आले होते. त्या जमिनीवरून पाणी आता पूर्वीपेक्षा जास्त वेगाने नदीत उतरत होते आणि नकाशाला त्याचा पत्ताच नव्हता.

१९९९ च्या सप्टेंबरात ‘फ्लॉइड’ वादळाने नॉर्थ कॅरोलायनाचा पूर्व भाग बुडवला. त्यानंतर त्या राज्याने केंद्राची वाट न पाहता नकाशे स्वतः करायला घेतले आणि राज्यभर लायडारने, म्हणजे विमानातून लेसर किरण सोडून, जमिनीची उंची मोजली. राज्ये, जिल्हे आणि नदीखोऱ्यांची मंडळे केंद्राचे तांत्रिक भागीदार म्हणून काम करू शकतात, हे यातून दिसले. पण भागीदार वाढले की हिशेबही वाढतो. एकच काम केंद्र, राज्य आणि दोन-तीन कंपन्या मिळून करत असतील, तर कुणाकडे काय आहे हे ईमेल आणि एक्सेलवर फार काळ निभत नाही.

२००३ मध्ये ‘फेमा’ या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेची नकाशे आधुनिक करण्याची मोठी मोहीम सुरू झाली. पाच वर्षे आणि सुमारे एक अब्ज डॉलर असा तिचा आवाका होता. त्याच मोहिमेतून ‘मॅपिंग इन्फर्मेशन प्लॅटफॉर्म’ ही वर्कफ्लो यंत्रणा, म्हणजे काम टप्प्याटप्प्याने पुढे सरकवणारी आणि नोंदवणारी संगणकीय व्यवस्था, उभी राहिली. या क्षेत्रातले लोक तिला नुसते ‘एमआयपी’ म्हणतात. तिची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद कळत नाही. निधी मंजूर झाला की प्रकल्प नोंदवला जातो, त्याला क्रमांक मिळतो आणि कामाचे टास्क पाडले जातात : जमिनीची उंची, आधारनकाशा, प्रत्यक्ष मोजणी, जलविज्ञान (पाणी किती येईल), हायड्रॉलिक गणित (ते किती उंच चढेल), पूरक्षेत्राची आखणी, नकाशाचा डेटाबेस, प्राथमिक नकाशा. प्रत्येक टास्कला जबाबदार संस्था, खर्चाचा आकडा आणि सुरू-संपण्याच्या तारखा असतात. टास्क संपवायचा तर ठरलेल्या साच्यातली माहिती अपलोड करावी लागते, तपासणी होते, आणि मगच पुढचा टास्क उघडतो. भागीदार दर महिन्याला काम किती टक्के झाले आणि पैसे किती गेले हे भरतात. त्यावरून प्रकल्प वेळेत आणि खर्चात आहे की नाही याचे निर्देशांक निघतात.

ही व्यवस्था आवश्यक होती, हे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. एखाद्या ओढ्याचे मूळ गणित कुठल्या कंपनीच्या कपाटात आहे हे शोधण्यात पूर्वी महिने जात. आता ते गणित, त्यामागची मोजणी आणि पत्रव्यवहार एका जागी साठू लागला. पुढच्या अभ्यासकाला सुरुवात शून्यापासून करावी लागत नाही.

पण यंत्रणेला ‘पूर्ण’ म्हणजे काय हे बाहेरून सांगावे लागते, आणि मोहिमेच्या पहिल्या टप्प्यात ते उत्तर चुकीचे निवडले गेले. मुख्य मोजमाप ठरले लोकसंख्येचे : देशातल्या किती टक्के लोकांच्या परिसराचा नकाशा डिजिटल झाला. या मापात जुना कागदी नकाशा स्कॅन करून त्यावरची रेषा नव्या हवाई छायाचित्रावर उतरवली, तरी तो जिल्हा मोजणीत येत होता. १९७० च्या दशकातले गणित तसेच, आखणी तीच, फक्त कागद गेला. मग व्हायचे तेच झाले. काही ठिकाणी पूरक्षेत्राची कड टेकडीवर चढलेली दिसू लागली आणि ओढा मात्र पूरक्षेत्राच्या बाहेरून वाहताना. कागदावर ही विसंगती दडून राहत होती. छायाचित्रावर ती शेतकऱ्यालाही दिसत होती.

संसदेच्या लेखापरीक्षकांनी २००४ मध्येच बजावले होते की, कोणत्या धोक्याच्या प्रदेशात किती तपशिलाची माहिती हवी याचे स्पष्ट निकष ठरलेले नाहीत. २००५ च्या ऑगस्टमध्ये ‘कॅटरिना’ आले. जुन्या नकाशांतल्या पूरपातळ्यांवर विसंबून घरे पुन्हा बांधणे शक्य नव्हते, म्हणून मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर घाईने तात्पुरत्या सल्लावजा पूरपातळ्या जाहीर कराव्या लागल्या. टीका वाढली आणि २००६ मध्ये मोहिमेचा मार्ग मध्येच बदलला गेला.

हा २००६ चा निर्णय आजही वादाचा आहे. संपूर्ण देश डिजिटल करण्याचे लक्ष्य सोडून दिले गेले. त्याऐवजी ९२ टक्के लोकसंख्या आणि ६५ टक्के भूभाग एवढेच लक्ष्य राहिले. त्या बदल्यात दोन अटी आल्या. नकाशातल्या ७५ टक्के प्रवाहलांबीवर पूरसीमा जमिनीच्या उंचीशी जुळली पाहिजे, आणि ३० टक्के लांबीसाठी अभियांत्रिकी गणित नवे, सुधारित किंवा तपासून वैध ठरवलेले पाहिजे. कमी वस्तीच्या ग्रामीण जिल्ह्यांना हा विश्वासघात वाटला, आणि त्यांचे दुखणे खरे होते. दशकानुदशके ते विमा योजनेत राहिले, नियम पाळले, आणि नकाशाची पाळी आली तेव्हा त्यांना रांगेतून बाजूला केले गेले. दुसरी बाजू मात्र जास्त वजनाची आहे. त्याच पैशात सगळीकडे जुनेच गणित नव्या रंगात वाटणे म्हणजे चुकीच्या रेषेला अधिकृत तेज देणे. छापील नकाशाकडे लोक थोड्या संशयाने पाहतात. संगणकाच्या पडद्यावरची बारीक रेषा त्यांना खरी वाटते. त्यामुळे निर्णय योग्य होता, असेच म्हणावे लागते. खरी तक्रार आहे ती ३० टक्क्यांबद्दल. एक अब्ज डॉलर खर्चून सत्तर टक्के लांबीचे गणित विनातपासणी चालवून घेणे हे फारच खालचे माप होते.

त्याचा परिणाम लवकरच मोजला गेला. देशातल्या शास्त्रज्ञांच्या सर्वोच्च सल्लागार मंडळाने २००७ मध्ये नमूद केले होते की, नकाशांसाठी वापरली जाणारी राष्ट्रीय उंचीची माहिती सरासरी ३५ वर्षांहून जुनी आहे. मंडळाने देशभर लायडारची शिफारस केली. मोहीम संपताना, २००९ मध्ये, त्याच मंडळाचा दुसरा निष्कर्ष आला : गुणवत्तेचे राष्ट्रीय निकष पूर्ण करणारे नकाशे फक्त २१ टक्के लोकसंख्येला मिळाले आहेत. वर्कफ्लोमध्ये मात्र ते प्रकल्प बंद झाले होते. टास्क संपले होते आणि खर्च जुळला होता.

पुढच्या टप्प्यात म्हणूनच एकक बदलले. लोकसंख्येऐवजी प्रवाहाचे मैल मोजले जाऊ लागले, आणि कोणत्या मैलाचे गणित अजून वैध आहे याची वेगळी राष्ट्रीय नोंदवही तयार झाली. एखाद्या ओढ्यावर नवे धरण, नवा पूल किंवा मोठी वस्ती झाली की तो मैल ‘तपासावा लागेल’ या यादीत जातो. प्रकल्पातही निर्णयाचे थांबे आले : पुढे जायचे की इथेच थांबायचे, हे प्रत्येक थांब्यावर नोंदवावे लागते. ८० टक्के मैल वैध करण्याचे लक्ष्य होते. २०१६ च्या अखेरीस प्रमाण ४२ टक्के निघाले. अंतर्गत लेखापरीक्षकांनी त्या वेळी जे दोष दाखवले त्यातले दोन थेट वर्कफ्लोचे आहेत : भागीदारांनी करायच्या गुणवत्ता तपासण्यांवर पुरेशी देखरेख नाही, आणि ‘होल्ड’वर ठेवलेल्या प्रकल्पांबाबतचे धोरण स्पष्ट नाही.

प्रकल्प होल्डवर जाण्याची कारणे बहुधा तांत्रिक नसतात. पुराचे पाणी अडवणाऱ्या नदीकाठच्या बंधाऱ्यांचेच पाहा. ठरलेल्या निकषांत न बसणारा बंधारा नकाशावर जणू नाहीच असे धरून आखणी होत असे. लोकप्रतिनिधींनी २०११ मध्ये त्याला जोरदार विरोध केला आणि २०१३ मध्ये नवी पद्धत येईपर्यंत अनेक नकाशे अडून राहिले. प्राथमिक नकाशा जाहीर झाल्यावर हरकतींसाठी ९० दिवस मिळतात. न्यूयॉर्क शहराने २०१५ मध्ये ती संधी घेऊन पूरक्षेत्र अवास्तव मोठे दाखवल्याचा आक्षेप घेतला. २०१६ मध्ये तो मान्य झाला आणि नकाशे पुन्हा करण्याचे ठरले. तोपर्यंतचा तोडगा असा निघाला की, विम्यासाठी २००७ चे नकाशे चालू राहतील, ज्यांचा बराचसा आधार १९८३ चा आहे, आणि नव्या बांधकामासाठी २०१५ च्या प्राथमिक नकाशातल्या पातळ्या पाळल्या जातील. हायड्रॉलिक गणित साठ टक्के झाले हे दर महिन्याला भरता येते. शहराची संमती किती टक्के झाली, यासाठी यंत्रणेत रकाना नाही, आणि नकाशे वर्षानुवर्षे रखडतात ते याच टप्प्यावर.