दारावर येणारे

दारावर येणारे म्हणजे दुकान नसलेले, किंवा आख्खं दुकान डोक्यावर, खांद्यावर, सायकलवर नाहीतर हातगाडीवर घेऊन घरोघर फिरणारे विक्रेते आणि कारागीर. दूधवाला, भाजीवाली, कोळीण, खारीवाला, बोहारीण, कल्हईवाला, पाट्याला टाकी लावणारा, गाद्या पिंजणारा, धार लावणारा, इस्त्रीवाला, रद्दीवाला ही सगळी मंडळी यात येतात, आणि ही यादी पूर्ण करायला बसलात तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणखी दहा नावं निघतील. "दारावर घेतलं" हा प्रयोग बोलण्यात अजून आहे. हल्ली आपण मागवलेली वस्तू घरी येते, तेव्हा न मागवताच दुकान दारात येऊन उभं राहायचं आणि घ्यायचं की नाही ते हाताळून, वास घेऊन, दोनदा "नको जा" म्हणून परत बोलावून ठरायचं.

मूळ शोधायचं तर गावगाड्यातल्या बलुतेदारीपर्यंत जावं लागतं. न्हावी, परीट, कुंभार, लोहार, सुतार हे लोक गावाची कामं वर्षभर करायचे आणि सुगीला शेतकऱ्याकडून बलुतं म्हणून धान्य घ्यायचे. न्हावी तर घरीच येऊन ओट्यावर बसून हजामत करायचा. ही काही फार सुखाची व्यवस्था नव्हती, कोण कुठपर्यंत आत येणार हे जातीवर ठरलेलं होतं आणि कामाला नाही म्हणायची सोय नव्हती. शहरं वाढली तसं धान्याच्या जागी रोख पैसे आले, पण सेवा दारापर्यंत यायची सवय तशीच राहिली. पुण्यातले वाडे आणि मुंबईतल्या चाळी तर यासाठी अगदी सोयीच्या, एक आरोळी दिली की वीस बिऱ्हाडं ऐकणार.

आरोळी हीच जाहिरात. आणि ती समजण्यासाठी नव्हतीच, ओळखण्यासाठी होती. बोहारीण "भांडीऽऽय" म्हणते की आणखी काही ते नवख्याला कळायचं नाही, कल्हईवाल्याचं "कल्हईऽऽये" तर पहिलं अक्षर गिळूनच यायचं, पण स्वयंपाकघरातल्या बाईला गल्लीच्या टोकावरूनच कळायचं कोण आलंय आणि कोणत्या फेरीचं. काहींना आरोळीची गरजच नव्हती. पिंजाऱ्याच्या धनुकलीची तार टणटणली की पुरे. धारवाला सायकल स्टँडवर लावून पेडल मारायचा, दगडाचं चाक फिरायचं आणि सुरीच्या ठिणग्या बघायला पोरं जमायची.

वेळा ठरलेल्या असत. पहाटे दूध आणि पेपर, मग भाजी आणि मासळी, पुरुषमाणसं ऑफिसला गेली की अकराच्या पुढे बोहारीण आणि सुया-पोतवाली, चार वाजता चहाच्या आधी डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन खारी-बटर-नानकटाईवाला, आणि उन्हाळ्यात रात्री जेवणं झाल्यावर मटका कुल्फी. दुपारच्या या व्यवहारात पुरुष नसायचेच. घरातल्या बाईच्या हातात पैसे कमी आणि निर्णय तर त्याहून कमी असायचे, पण दारावरचा सौदा मात्र पूर्ण तिचा. आमच्या आजीने आयुष्यात बँकेची पायरी चढली नाही, पण बोहारणीसमोर बसली की बघण्यासारखं असायचं.

बोहारीण जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी द्यायची. पैशांचा संबंध नाही, चक्क अदलाबदल. त्यातल्या पुष्कळ बायका वाघरी समाजाच्या, घरी गुजराती बोलणाऱ्या, त्यामुळे मराठीला एक वेगळाच हेल. गाठोडं उंबऱ्याबाहेर टेकवायचं, वर स्टीलची भांडी रचायची आणि मग प्रत्येक कपडा उजेडासमोर धरून बघायचा, पँटची बसायची जागा विरलीय का, शर्टाची कॉलर उसवलीय का. आजोबांच्या दोन पँटी, तीन शर्ट आणि एक जरीची साडी एवढं काढून आजी म्हणायची, "झाकणाचा डबा दे." ती चहाचं पातेलं पुढे सरकवायची. "ह्याच्यात एवढंच येते बा." "मग राहू दे, ठेव कपडे." ती गाठोडं बांधायची, उठायची, जिन्यापर्यंत जायची, आजी मागे वळूनसुद्धा बघायची नाही, आणि मग जिन्यातून आवाज, "अजून एक साडी टाक ना बाई." शेवटी डबा यायचा, पण थोडा लहान. नंतर दिवसभर आजीला वाटत राहायचं की जरीची साडी द्यायला नको होती. ते खरंच होतं, कारण अस्सल जर असेल तर ती जाळून चांदी काढतात आणि बोहारणीला हे आपल्यापेक्षा जास्त माहीत. उरलेले कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून जुन्या बाजारात पुन्हा विकायला जायचे.

सगळ्यात मोठा सोहळा कल्हईवाल्याचा. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट शिजवलं की धातू उतरतो, आमटी हिरवट कडू होते, त्याला "कळकली" म्हणतात, आणि तसं अन्न पोटात गेलं तर उलट्या ठरलेल्या. म्हणून भांड्याला आतून कथलाचा थर द्यायचा. कल्हईवाला वाड्याच्या चौकात छोटा खड्डा खणून कोळसे पेटवायचा, त्याला जमिनीखालून भात्याची नळी. आधी भांडं घासणं. मोठ्या पातेल्यात वाळू आणि फडकं टाकून बरोबरचा पोरगा आत उभा राहायचा आणि भिंतीला धरून कंबर इकडून तिकडे फिरवत पायानेच घासायचा, हे आम्हाला तेव्हा नाच वाटायचं, आता कळतं की त्याचं वय आमच्याएवढंच होतं आणि आम्ही शाळेतून आलेलो होतो. मग भांडं सांडशीत धरून विस्तवावर फिरवायचं, तापलं की चिमूटभर नवसागर टाकायचा. पांढरा धूर भसकन उठायचा, नाकात झोंबायचा. नवसागराने भांड्यावरचा गंज आणि मळ सुटतो, त्याशिवाय कथील चिकटतच नाही. कथलाची कांडी नुसती टेकवली की वितळायची, कारण त्याला २३२ अंश सेल्सिअस पुरतात, आणि लगेच कापसाच्या बोळ्याने दोन-तीन फेऱ्यांत ते चांदीसारखं कथील सगळीकडे पसरायचं. काळंकुट्ट पातेलं डोळ्यासमोर आरसा व्हायचं. मग पाण्यात, चर्रर्र. हिशेब नगावर. काही महिन्यांनी थर झिजला की आत पिवळं दिसायला लागायचं आणि पुढच्या आरोळीकडे कान लागायचे.

टाकीवाल्याचं काम याच प्रकारचं. पाटा, वरवंटा, जातं वापरून गुळगुळीत झालं की वाटण नुसतं घसरतं, म्हणून छिन्नी-हातोडीने पुन्हा बारीक खड्डे पाडायचे. हे काम बहुतेक वडार समाजाच्या बायका करत. टाकी लावल्यावर पहिलं वाटण फेकून द्यायचं, नाहीतर चटणीत कचकच.

सुया, दाभण, पोत, बिब्बे विकणाऱ्या वैदू बायका यायच्या, त्यांच्या घरचे पुरुष जडीबुटी द्यायचे, तुंबड्या लावायचे. महाराष्ट्राच्या सरकारी यादीत वडार आणि वाघरी हे विमुक्त जातींत आहेत आणि वैदू भटक्या जमातींत. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला, तो कायदा १९५२ मध्ये गेला, त्यातून सुटल्या म्हणून त्या विमुक्त, पण संशय गेला नाही. गल्लीत चोरी झाली की "सकाळी ती बाई आली होती ना" हे वाक्य पहिलं. पाणी मागितलं तर वेगळ्या फुलपात्रातून, वरून ओतून. दारावर येणाऱ्यांच्या आठवणी काढताना हे कुणी काढत नाही. उंबऱ्याच्या आतल्या लोकांना ज्याची हुरहुर वाटते ते बाहेरच्यांसाठी डोक्यावर ओझं घेऊन उन्हातली पायपीट होती.

रोज येणाऱ्यांचं खातं वेगळं असायचं. रतीब, म्हणजे रोजचं ठरलेलं दूध, त्याचा हिशेब भिंतीवर कोळशाच्या रेघांत, आणि १९७३ पासून कालनिर्णय आल्यावर तारखेच्या चौकोनात, "दू. नाही" असं. मुंबईत आरे कॉलनी ही सरकारी दूध वसाहत १९५० च्या आसपास सुरू झाली, तबेल्यातल्या दुधाच्या जोडीला काचेच्या बाटल्या आल्या, वर पातळ ॲल्युमिनियमचं बूच, पण त्यासाठी बहुतेकांना कार्ड घेऊन केंद्रावर रांगेत उभं राहावं लागायचं, दारात बाटली आणून देणारा पोरगा मिळणं ही चैन. परटाची वही तर अगम्य. त्याच्याकडे शंभर घरांचे कपडे, पण अदलाबदल क्वचितच, कारण प्रत्येक घराची खूण तो बिब्ब्याच्या रसाने कपड्याच्या कोपऱ्यात करायचा आणि ती कपडा फाटेपर्यंत धुतली जायची नाही. आमच्या घराची खूण एक आडवी रेघ आणि दोन ठिपके होती, वडिलांच्या शेवटच्या धोतरावरसुद्धा होती.

डॉक्टरही घरी यायचे, त्याला व्हिजिट म्हणत, आणि घरातलं कुणीतरी पुढे होऊन त्यांची बॅग हातात घ्यायचं. कोकणात पोस्टमनची वाट सगळ्यात जास्त, कारण मुंबईला गिरणीत असलेल्या माणसाची मनीऑर्डर तोच आणायचा, पैसे मोजून द्यायचा, सोबतच्या चार ओळी वाचूनही दाखवायचा. तार मात्र आली की वाचायच्या आधीच रडारड. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली तेव्हा शेवटची तार पाठवायला लोकांनी गर्दी केली होती, सेवा चालू होती तेव्हा कुणाला तार नको असायची तो भाग वेगळा.

आता हे सगळं मोबाईलवरच्या ॲपने संपवलं असा समज आहे, तो चुकीचा. ॲप येईपर्यंत यातले बरेच लोक कधीच गेले होते. कल्हईवाल्याला स्टेनलेस स्टीलने घालवलं, टाकीवालीला मिक्सरने, पिंजाऱ्याला फोमच्या गादीने, डॉक्टरच्या व्हिजिटला नर्सिंग होमने. वाडे पडून सोसायट्या झाल्या, गेटवर वॉचमन आणि "फेरीवाले व सेल्समन यांना सक्त मनाई" अशी पाटी आली. चौथ्या मजल्यावर बंद खिडकीच्या आत टीव्ही चालू असला की आरोळी पोचत नाही. शिवाय दुपारी घरी असणारी बाई नोकरीला लागली, मग बोहारणीने दार वाजवायचं कुणासाठी? त्यातल्या त्यात टिकली ती रोज ताजी लागणारी वस्तू विकणारी माणसं, भाजीवाला, कोळीण, इस्त्रीवाला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर सोसायट्यांनीच भाजीच्या गाड्या गेटपर्यंत बोलावल्या होत्या, पाटी तशीच ठेवून.

गोव्यात पदेर, म्हणजे पाववाला, अजून आहे. सकाळी आणि संध्याकाळी सायकलच्या मागे मोठी टोपली, तीवर निळं-पिवळं प्लास्टिक, आणि रबरी भोंग्याचं पों पों. आत पाव, उंडे, कोंड्याची पोळी आणि कडक काकणं. पूर्वी पिठात यीस्टऐवजी माडाची सूर, म्हणजे माडी, घालायचे, आता सूर काढणारेच कमी झाल्यामुळे बहुतेक ठिकाणी यीस्ट. फाटकाला पिशवी अडकवून ठेवायची, पदेर मोजून पाव टाकून जातो.

शहरात आरोळ्या राहिल्यात त्या भंगारवाल्याच्या, पण त्याही रेकॉर्ड केलेल्या. टेम्पोच्या टपावर स्पीकर, एकच बाई किंवा बुवा सगळ्या गल्ल्यांत त्याच सुरात जुना टीव्ही, जुना फ्रिज, खराब मिक्सर मागत फिरतो. आणि मधल्या काळात पितळेची भांडी आरोग्याला चांगली म्हणून पुन्हा चढ्या भावाने विकली जायला लागली, पण कल्हई करणारा गल्लीत येईना. माझी बहीण मागच्या वर्षी आजीची दोन पातेली घेऊन पुण्यात कसबा पेठेत, तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांच्या तांबट आळीच्या आसपास चौकशी करत गेली होती. गाडी लावायला जागा मिळेना म्हणून पातेली घेऊन घरी परत आली.